हरकतीचे अठ्ठावीस दिवस

इंग्लंडमध्ये कुणाला नवा पब, क्लब किंवा रात्री उशिरापर्यंत चालणारा बार काढायचा असेल, तर आधी त्या जागेवर एक फिकट निळा कागद लावावा लागतो. कागद किमान ए-4 आकाराचा, अक्षरं किमान 16 पॉइंटांची, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबून वाचता येईल अशा ठिकाणी. अर्ज कुणाचा आहे, दारू किती वाजेपर्यंत विकायची आहे, संगीत किती वाजेपर्यंत वाजवायचं आहे आणि हरकत कुठे, कोणत्या तारखेपर्यंत पाठवायची, एवढा मजकूर त्यावर असतो. जागा मोठी असेल तर रस्त्याकडेच्या हद्दीवर दर पन्नास मीटरला असा एक कागद. शिवाय स्थानिक वर्तमानपत्रात एकदा जाहिरात. हरकतीसाठी मुदत 28 दिवसांची.

या मुदतीत एकही ग्राह्य हरकत आली नाही, तर स्थानिक कौन्सिलला परवाना द्यावाच लागतो. सुनावणी होत नाही, समिती बसत नाही; अर्जदाराने स्वतः सुचवलेल्या अटी आणि कायद्याने सगळ्यांनाच लागू असलेल्या अटी घालून परवाना हातात पडतो. कायद्याने नाही म्हणण्याचा अधिकार कौन्सिलला दिला आहे, पण तो वापरायला आधी कुणीतरी हरकत घ्यावी लागते. ती पोलिसांनी घेतली, अग्निशमन दलाने घेतली, कौन्सिलच्याच पर्यावरण-आरोग्य विभागाने घेतली तरी चालते. पण पहाटे दोन वाजता त्या गल्लीत काय होतं हे ज्याला खिडकीतून ऐकू येतं तो रहिवासी गप्प राहिला, तर सरकारी खात्यांना ते आपोआप कळेल याची काहीच शाश्वती नाही.

म्हणून या प्रकरणात आपण हरकतदाराच्या बाजूने ही प्रक्रिया पाहणार आहोत. रात्री उशिरापर्यंत चालणारी जागा हे कुणाचं तरी पोट असतं, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची ती रोजीरोटी असते, तरुणांना तिथे भेटायचं असतं. हे सगळं खरं आहे. मात्र या सगळ्यांची बाजू मांडायला अर्जदाराकडे वकील असतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाकडे बहुधा फक्त त्याची मोडलेली झोप असते, आणि कायदा त्याला सांगतो की या झोपेचा पुरावा कर.

सध्याचा कायदा 2003 चा. तो 24 नोव्हेंबर 2005 पासून पूर्णपणे अमलात आला. त्याने परवान्याच्या निर्णयासाठी चार उद्दिष्टं ठरवून दिली: गुन्हे आणि बेशिस्त रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणं आणि मुलांना अपायापासून जपणं. हरकत या चारांपैकी एकात तरी बसली पाहिजे. बसली नाही तर ती कितीही कळकळीची असो, फाइलमध्ये तिला वजन नाही.

लोक मनापासून जे लिहितात त्यातलं बरंचसं इथे गळून पडतं. दारूपायी संसार धुळीला मिळतात, हे बरोबर असलं तरी ती या अर्जावरची हरकत ठरत नाही. घरांच्या किमती उतरतील, हेही नाही. गल्लीत आधीच चार पब आहेत, पाचवा हवाच कशाला, हा सगळ्यांत स्वाभाविक प्रश्न. पण ‘गरज आहे का’ हे बाजाराने ठरवायचं, परवाना देणाऱ्याने नव्हे, अशी 2003 नंतरची भूमिका आहे. उलट ‘माझ्या मुलांच्या खोलीची खिडकी त्या इमारतीच्या मागच्या दारासमोर आहे, आणि आताचा बार अकराला बंद होत असूनही बारापर्यंत लोक त्या दाराशी उभे असतात’ हे एक वाक्य पूर्ण ग्राह्य आहे. त्यात जागा आहे, वेळ आहे, त्रास कुणाला हे आहे, आणि तास वाढले तर काय वाढेल हे सांगायची गरजही उरत नाही.

गरजेचा प्रश्न कायद्यातून निघून गेला ही बाब छोटी नाही. इंग्लंडमध्ये दारूगुत्त्यांना परवाना लागू झाला 1552 साली, आणि तो देण्याचं काम दोन न्यायाधीशांवर सोपवलं गेलं. हे न्यायाधीश म्हणजे परगण्यातले प्रतिष्ठित लोक. गावाला गुत्ता हवा की नको याबद्दलचं त्यांचं मत हाच निर्णय. 1830 मध्ये बिअरहाउस कायद्याने ही चौकटच बाजूला सारली. वर्षाला दोन गिनी भरल्या की घरपट्टी भरणाऱ्या कुणालाही बिअर विकता येऊ लागली, न्यायाधीशांना विचारायचं कारण राहिलं नाही. लोक जिनपासून दूर होतील आणि मोठ्या भट्टीवाल्यांची मक्तेदारी मोडेल असा हेतू होता. पाहता पाहता देशभर हजारो बिअरघरं उघडली, आणि जवळजवळ चाळीस वर्षांनी, 1869 मध्ये, ती पुन्हा न्यायाधीशांच्या परवानगीखाली आणावी लागली.

मग आला केंटमियरचा खटला. केंटमियर हे उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागातल्या, तेव्हाच्या वेस्टमोरलंड परगण्यातल्या एका दरीतलं छोटं गाव. तिथली लो ब्रिज इन नावाची खाणावळ-वजा-दारूगुत्ता सुझॅना शार्प या बाईंच्या मालकीची होती. तिच्या परवान्याचं नूतनीकरण न्यायाधीशांनी नाकारलं. कारणं दोन: ही जागा पोलिसांच्या नजरेपासून फार दूर आहे, आणि परिसराचं स्वरूप व गरज पाहता तिथे गुत्त्याची आवश्यकता नाही. कुणी गैरवर्तन केलं म्हणून परवाना गेला नव्हता. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचलं आणि 1891 मध्ये लॉर्ड हॉल्सबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यायाधीशांचा अधिकार उचलून धरला. परवाना दर वर्षी नव्याने मिळतो, गेल्या वर्षी होता म्हणून यंदा हक्काने मिळत नाही. मात्र तो देताना किंवा नाकारताना अधिकाऱ्याने लहर चालवायची नाही, विवेकाने आणि न्यायाने ठरवायचं, असा त्या निकालाचा गाभा. ‘शार्प विरुद्ध वेकफील्ड’ हे नाव आपल्याकडच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही परिचयाचं असतं, कारण सरकारी अधिकाऱ्याचा विवेकाधिकार म्हणजे काय हे सांगताना भारतीय न्यायालयं आजही या निकालाचा आधार घेतात. त्याचा उगम डोंगरातल्या एका गुत्त्यात आहे हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

या निकालाने दारूधंद्याचं धाबं दणाणलं. पुढे 1904 च्या कायद्याने, गैरवर्तनाशिवाय परवाना गेला तर भरपाई द्यायची आणि तिचा पैसा धंद्यावरच्याच पट्टीतून उभा करायचा, अशी तडजोड झाली. परिसराला गरज आहे का, हा प्रश्न मात्र त्यानंतरही शंभर वर्षं परवान्याच्या मेजावर होता. 2003 च्या कायद्याने न्यायाधीशांकडून अधिकार काढून निवडून आलेल्या नगरसेवकांच्या समितीकडे दिला, आणि त्याच वेळी तो प्रश्नही मेजावरून उचलून नेला. लोकांच्या जवळच्या माणसांकडे निर्णय आला, पण लोकांना सर्वांत जवळचा वाटणारा प्रश्न विचारता येईनासा झाला. मला ही या कायद्यातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

दुसरा मोठा बदल वेळेचा. त्याआधी बहुतेक पब रात्री अकराला बंद होत. सरकारचं म्हणणं असं की सगळी गर्दी एकाच ठोक्याला रस्त्यावर येते, शेवटच्या दहा मिनिटांत लोक घाईने ढोसतात, आणि मारामाऱ्या तिथेच होतात. वेळा मोकळ्या केल्या तर माणसं हळूहळू पांगतील. शहराच्या मध्यभागासाठी या तर्कात तथ्य होतं. पण गर्दी पांगते याचा अर्थ आवाजही रात्रभर पसरतो. अकराची एक कटकट सोसून नंतर झोपणाऱ्या घराला आता बारा, एक, दोन अशा हप्त्याहप्त्याने जाग येऊ शकत होती.

रात्रीच्या त्रासाची नीट चिरफाड केली तर लक्षात येतं की संगीत हा त्यातला सोडवता येण्याजोगा भाग आहे. ध्वनिमर्यादक बसवता येतो, दोन दारांची मोकळी जागा ठेवून आत-बाहेर करताना आवाज अडवता येतो, खिडक्या बंद ठेवता येतात. त्यातला हट्टी भाग म्हणजे खालच्या पट्टीतला बास. तो काचेने थांबत नाही, भिंतीतून आणि जमिनीतून येतो, आणि शेजारच्या घरात कुणी सावकाश मुसळ आपटत असावं तसा अंथरुणापर्यंत पोहोचतो. साध्या मोजणीत तो पुष्कळदा दिसत नाही, कारण नेहमीची डेसिबल मोजणी माणसाच्या कानाला अनुसरून खालच्या पट्टीला कमी वजन देते. अनुभवी हरकतदार म्हणूनच ‘आवाज मोठा आहे’ एवढ्यावर न थांबता ‘बासच्या पट्टीसाठी वेगळी मर्यादा घाला’ असं मागतो.

खरा प्रश्न दाराबाहेर सुरू होतो. 1 जुलै 2007 पासून इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानाला बंदी आली. आत काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांसाठी तो फार चांगला कायदा होता. पण त्याच रात्रीपासून आतला घोळका दर काही मिनिटांनी फुटपाथवर येऊ लागला. संगीताने कान बधिर झालेला माणूस बाहेर आल्यावरही त्याच चढ्या आवाजात बोलतो. त्यात टॅक्सीचे दरवाजे, हॉर्न, शेवटचा निरोप, पुन्हा एकदा निरोप. आणि सगळं शांत झाल्यावर दिवसभराच्या रिकाम्या बाटल्या मोठ्या पिंपात ओतल्याचा खळाळ. हा शेवटचा आवाज काही सेकंदांचाच. पण नुकत्याच लागलेल्या झोपेवर त्याच्याइतका घाव दुसरा कशानेही बसत नाही. सुदैवाने तो टाळायला खर्चही नाही. रात्री अकरा ते सकाळी सातपर्यंत बाटल्या बाहेर टाकायच्या नाहीत, ही अट आता कित्येक परवान्यांवर दिसते, आणि कुठल्याशा शेजाऱ्याने ती मागितल्याशिवाय ती रूढ झाली नसती.

रस्त्यावर पांगलेल्या ग्राहकांसाठी मालक किती जबाबदार? सरकारी मार्गदर्शिका म्हणते की जागेच्या लगतच्या परिसरापलीकडे गेल्यावर माणूस आपल्या वागण्याला स्वतः जबाबदार. लगतचा परिसर कुठे संपतो, यावर सुनावण्यांत तासन्‌तास वाद होतात. त्याच मार्गदर्शिकेत हरकतदाराच्या कामाचं आणखी एक वाक्य आहे: सार्वजनिक उपद्रव म्हणजे सगळ्या शहराला त्रास व्हायला हवा असं नाही, जवळपास राहणाऱ्या मोजक्या लोकांना होणारा कमी तीव्रतेचा त्रासही त्यात येऊ शकतो. ज्याला वाटतं की ‘आम्ही दोनच घरं, आमचं कोण ऐकणार’, त्याने हे जरूर ध्यानात ठेवावं.

हरकत आली की मुदत संपल्यापासून कामकाजाच्या वीस दिवसांत सुनावणी लागते. समोर तीन नगरसेवकांची उपसमिती, बाजूला तिचा कायदेशीर सल्लागार. अर्जदाराला आणि हरकतदाराला बोलायला सारखा वेळ. हरकतदाराचं नाव-पत्ता अर्जदाराला कळतो, आणि इथेच पुष्कळ लोक माघार घेतात; रोज ज्याच्या दारावरून जायचं त्याच्याशी वैर कोण घेणार? अशा वेळी नगरसेवकाला आपल्या वतीने बोलायला सांगता येतं. शंभर सह्यांचं निवेदन देण्यापेक्षा दहा घरांनी आपापल्या शब्दांत दहा पत्रं लिहिलेली बरी, कारण निवेदन बहुतेक ठिकाणी एकच हरकत म्हणून मोजलं जातं.

सुनावणीआधीच्या दिवसांत अर्जदाराच्या वकिलाचं पत्र येतं: आम्ही शेवटचा प्रवेश अमुक वाजता बंद करू, मागचं अंगण अकराला मोकळं करू, दारावर परवानाधारक पहारेकरी ठेवू, व्यवस्थापकाचा फोन नंबर तुम्हाला देऊ, हरकत मागे घ्याल का? माझ्या मते हरकतदाराच्या हाती लागणारं बहुतेक सगळं इथेच लागतं. सुनावणीत जिंकण्याच्या ईर्षेने हे पत्र न वाचता फाडू नये. फक्त दिलेली प्रत्येक गोष्ट परवान्यावर अट म्हणून लिहिली जाईल हे पक्कं करून घ्यावं. तोंडी आश्वासनाची अंमलबजावणी कुणी करत नाही.

आणि पुरावा का लागतो, हे सॉगॉल हॉटेलच्या खटल्याइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडे विरल हा द्वीपकल्पासारखा भाग आहे. तिथल्या सॉगॉल मॅसी गावातलं हे हॉटेल डॅनियल थ्वेट्स या जुन्या मद्यकंपनीचं. नवा कायदा येताना 2005 मध्ये कंपनीने वाढीव वेळ मागितली. पोलिसांची आधी हरकत होती. कंपनीने मागणी थोडी कमी केल्यावर त्यांनी ती मागे घेतली. कौन्सिलने परवाना दिला. गावच्या संवर्धन संस्थेने आणि काही रहिवाशांनी दंडाधिकाऱ्यांकडे अपील केलं, आणि ते जिंकले. दंडाधिकाऱ्यांचं म्हणणं असं की इतर पब लवकर बंद झाल्यावर तिथले लोक इकडे लोटतील, आणि गावाची शांतता जाईल.

अडचण एकच होती. अपील सुनावणीला येईपर्यंत वाढीव वेळा काही महिने प्रत्यक्ष चालू होत्या, आणि त्या काळात अशी रीघ लागल्याची किंवा गोंधळ झाल्याची नोंद कुणाकडे नव्हती. कंपनी उच्च न्यायालयात गेली. 2008 मध्ये न्यायमूर्ती जिल ब्लॅक यांनी दंडाधिकाऱ्यांचा निर्णय रद्द केला. काय होईल याचा अंदाज बांधायला हरकत नाही, पण खरोखर काय झालं हे समोर असताना त्याकडे पाठ फिरवून अंदाजावर विसंबता येत नाही; पोलिसांनी तक्रार नाही म्हटल्यावर त्याला योग्य वजन द्यायला हवं होतं; आणि कायद्याने आखलेली हलक्या हाताच्या नियमनाची दिशा दंडाधिकाऱ्यांनी सोडली. याच ब्लॅक पुढे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या. 2008 नंतर अर्जदाराच्या वकिलाने हा निकाल समितीपुढे ठेवला नाही अशी वादग्रस्त सुनावणी विरळा.

मला त्या गावकऱ्यांबद्दल सहानुभूती आहे. शांत गावात राहणाऱ्याला आधी शांतता मोडू द्या, मग तिची नोंद घेऊन या, असं सांगणं कठोर आहे. तरीही निकाल चुकला असं मी म्हणणार नाही. भीतीवर परवाने नाकारले जाऊ लागले, तर ज्याच्याविषयी गावाला आधीच आकस आहे, ज्याचं नाव किंवा रंग परका आहे, त्याचाच अर्ज आधी बळी जाईल.

लंडनच्या सोहोमध्ये, बर्विक स्ट्रीटवर, नेमकं उलटं घडलं. ‘द एन्ड्युरन्स’ या पबचे ग्राहक संध्याकाळी ग्लास घेऊन बाहेरच्या केम्प्स कोर्टमध्ये उभे राहत, आणि वरच्या घरांतल्या लोकांना त्या गलक्याचा त्रास होई. तक्रारी झाल्या, परवान्याचा फेरविचार झाला, आणि वेस्टमिन्स्टर कौन्सिलने अट घातली: संध्याकाळी सहानंतर उघडं पेय घेऊन कुणीही बाहेर जायचं नाही. धंद्याला ही अट जड होती. पबचालक कंपनी एकामागून एक वरच्या न्यायालयांत गेली आणि प्रत्येक ठिकाणी हरली. 2011 मध्ये अपील न्यायालयाच्या वतीने लॉर्ड जस्टिस टुलसन यांनी सांगितलेलं तत्त्व हरकतदारांच्या कामाचं आहे. मागणी, मालकाचा व परिसराचा आर्थिक फायदा, कायदा-सुव्यवस्था आणि तिथे राहणाऱ्या-काम करणाऱ्यांच्या आयुष्यावर होणारा परिणाम, या सगळ्यांचा तोल साधणं हे स्थानिक समितीचं काम. तिने कारणं देऊन निर्णय दिला असेल तर तो चूक आहे हे दाखवण्याची जबाबदारी अपील करणाऱ्याची. म्हणजे लढाई खरी समितीपुढेच असते. तिथे आळस केला तर पुढे भरून निघत नाही. हे तत्त्व दोन्ही बाजूंना लागू आहे.

सोहोतल्या लोकांकडे जे होतं ते सॉगॉल मॅसीच्या लोकांकडे नव्हतं: घडून गेलेल्या संध्याकाळी. म्हणून वहीचं महत्त्व. तारीख, वेळ, काय ऐकू आलं, किती वेळ, कुठल्या खोलीत, कौन्सिलला फोन केला का, तक्रार क्रमांक काय. कंटाळवाणं काम आहे, आणि ज्याची झोप आधीच उडालेली आहे त्याच्यावर ते टाकणं अन्यायाचंही आहे. पण समितीपुढे महिनाभराची अशी एक वही ठेवली, की अर्जदाराच्या वकिलाला तिच्याशी वाद घालणं फार अवघड जातं.

वही ठेवायला आणखी एक कारण आहे. 2003 च्या कायद्याखालचा परवाना बेमुदत असतो. आपल्याकडे दर वर्षी 31 मार्चला परवान्याची मुदत संपते आणि नूतनीकरण करावं लागतं. तिकडे परत घेईपर्यंत तो चालूच. केंटमियरच्या न्यायाधीशांनी ज्या वार्षिक दारातून निर्णय घेतला ते दार आता नाही. त्याच्या जागी फेरविचाराचा अर्ज आहे, जो कुणीही, केव्हाही करू शकतं, पण पुरावा घेऊन. फेरविचारात वेळा कमी करण्यापासून परवाना रद्द करण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

ज्या भागात दारूच्या जागांची दाटी झाली आहे तिथे कौन्सिल ‘एकत्रित परिणामा’चं धोरण जाहीर करू शकते; 2018 पासून त्याला कायद्यातच स्थान मिळालं आहे. चार पब असताना पाचवा कशाला, हा बाहेर काढलेला प्रश्न या खिडकीतून थोडासा आत येतो. मात्र तात्पुरत्या कार्यक्रमाच्या सूचनेवर, म्हणजे 499 माणसांपर्यंतच्या एखाद्या रात्रीच्या मेळाव्यावर, रहिवाशाला हरकतच घेता येत नाही. ती फक्त पोलिसांना आणि पर्यावरण-आरोग्य विभागाला. 2017 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने सगळ्या कायद्याची झडती घेतली, तो मुळातच सदोष असल्याचं म्हटलं आणि हे काम नगर नियोजन समित्यांकडे सोपवावं असं सुचवलं. सरकारने ते मानलं नाही.

शेजारी नंतर राहायला आला तर? दक्षिण लंडनमधला ‘मिनिस्ट्री ऑफ साउंड’ हा क्लब 1991 पासून चालू आहे. समोरच्या आयलीन हाउसच्या जागी निवासी मनोरा उभा राहणार असं ठरलं तेव्हा क्लबला धास्ती वाटली की नवे रहिवासी पहिल्याच महिन्यात आवाजाची तक्रार करतील आणि परवाना जाईल. बरीच वर्षं चाललेल्या झगड्यानंतर 2014 च्या सुमाराला तोडगा निघाला: बांधकाम करणाऱ्याने फ्लॅटना आवाजरोधक खिडक्या द्यायच्या, आणि क्लबचा ठरावीक पातळीपर्यंतचा आवाज मान्य असल्याचा हक्कलेख त्या मालमत्तेलाच जोडायचा. मला हे न्याय्य वाटतं. जो बदल घडवतो त्याने त्याचा भार उचलावा. शांत गल्लीत बार आला तर भार बारवर, बारशेजारी इमारत आली तर भार इमारतीवर. 2018 पासून इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणातही हे तत्त्व आलं आहे.

आतापर्यंत पाहिलं ते सगळं एका-एका परवान्याचं. पण सगळा परिसरच ‘नको’ म्हणाला तर? इंग्लंडमध्ये हा अधिकार मतदारांना देण्याचा प्रयत्न सर विल्यम हारकोर्ट यांनी 1890 च्या दशकात दोनदा केला आणि 1895 च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष तर हरलाच, त्यांची डार्बीची जागाही गेली. स्कॉटलंडने मात्र 1913 मध्ये तसा कायदा केला. 1920 पासून मतदान सुरू झालं, आणि ग्लासगोजवळच्या कर्किंटिलॉकसारखी गावं तब्बल 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत परवान्याविना राहिली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे अनोळखी वाटणार नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली 2008 मध्ये निघालेल्या आदेशाने गावाला आणि वॉर्डाला हाच अधिकार दिला. एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी 25 टक्क्यांनी निवेदन द्यायचं, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान चालू राहावं असं वाटणाऱ्याने उभीवर, बंद व्हावं असं वाटणाऱ्याने आडवीवर शिक्का मारायचा. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही क्षणात कळावी अशी ही मतपत्रिका आहे, आणि गावोगावच्या बायकांनी धमक्या, आमिषं आणि घरातला विरोध सोसून तिच्यासाठी जी मेहनत घेतली तिला तोड नाही. परवाना कक्षापासून शाळा किंवा देऊळ 75 मीटरच्या आत आहे का, यावर टेप घेऊन भांडण्यापलीकडचं हत्यार त्यांना यातून मिळालं. मार्च 2025 मध्ये राज्य सरकारने विधानसभेत जाहीर केलं की गृहनिर्माण संस्थेच्या आवारात बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायला त्या संस्थेची ना हरकत लागेल. परवान्याआधीच रहिवाशाला विचारण्याच्या दिशेने टाकलेलं ते पाऊल आहे.

पण 2008 च्या आदेशातली मोजणी बारकाईने पाहायला हवी. आडव्या बाटलीला एकूण नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं लागतात. समजा वॉर्डात 1,000 महिला मतदार आहेत. मतदानाच्या दिवशी 600 आल्या. त्यातल्या 480 जणींनी, म्हणजे आलेल्यांपैकी दर पाचांतल्या चौघींनी, आडवी बाटली निवडली. ठराव फेटाळला जातो, कारण 501 भरल्या नाहीत. न आलेल्या 400 जणींत कामासाठी परगावी असलेल्या येतात, यादीत नाव राहून गेलेल्या मृत बायका येतात, नवऱ्याने घराबाहेर पडू न दिलेल्या येतात; सगळ्यांचं मत उभ्या बाटलीला पडल्यासारखं धरलं जातं. स्कॉटलंडच्या कायद्यात परवानाबंदीसाठी झालेल्या मतदानाच्या 55 टक्के आणि एकूण मतदारांच्या 35 टक्के एवढी मतं लागत. तीच 480 मतं तिथल्या मोजणीत दोन्ही कसोट्या सहज पार करतात. मतदानाला न आलेली बाई दुकानाच्या बाजूची धरू नये, एवढी एक दुरुस्ती आपल्या आदेशात झाली पाहिजे, आणि तिच्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. आदेश दुरुस्त करणं सरकारच्या हातात आहे.